डोळा ठणठणीत, चष्म्यानेही फरक नाही, तरी दिसत नाही. ‘आळशी डोळा’ म्हणजे नेमकं काय?

सैन्यभरती आणि सातारा हे समीकरण नवीन नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले होते. देशातली पहिली सैनिक शाळासुद्धा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. आजही कोल्हापूरच्या भरती कार्यालयाची जाहिरात निघाली की सातारा आणि सांगलीतली हजारो पोरं पहाटे चारला उठून माळावर पळायला लागतात.

आता समजा, यातल्या एकाने लेखी परीक्षा काढली. १६०० मीटर वेळेत पळाला. पुलअप्स काढल्या. छाती फुगवून दाखवली. मग मेडिकलला डोळ्यांचा तक्ता समोर आला. उजव्या डोळ्याने शेवटची ओळ धाडधाड वाचली. उजवा डोळा झाकून डावा उघडला, आणि गडी तिसऱ्या ओळीलाच अडकला.

जनरल ड्युटी सैनिकासाठीचा निकष स्पष्ट आहे. प्रत्येक डोळ्याने स्वतंत्रपणे ६/६ दिसलं पाहिजे आणि दोन्ही डोळ्यांची एकत्रित दृष्टी चांगली हवी. एक डोळा कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्याची भरपाई करू शकत नाही. पोरगं बाद.

घरचे मग चष्म्याच्या दुकानात नेतात. नंबर काढला जातो, भिंगं बदलून बदलून बघितली जातात, पण डाव्या डोळ्याचं गाडं पुढे सरकतच नाही. डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करून आत बघतात. दृष्टिपटल चांगलं, भिंग चांगलं, नस चांगली. आणि मग ते एक शब्द सांगतात जो त्या घरात पहिल्यांदाच ऐकला जातो: आळशी डोळा. इंग्रजीत लेझी आय, वैद्यकीय भाषेत अँब्लियोपिया.

वीस वर्षं या मुलाला हे कळलंच कसं नाही? आणि डोळा चांगला असूनही दिसत का नाही? दोन्ही प्रश्नांचं उत्तर डोळ्यात नाही, मेंदूत आहे.

आधी आकडे समजून घेऊ

तक्त्यावरचं ६/६ म्हणजे सामान्य डोळ्याला जे अक्षर ६ मीटरवरून वाचता येतं, ते तुम्हालाही ६ मीटरवरून वाचता येतं. तिसऱ्या ओळीला अडकला म्हणजे दृष्टी ६/२४. सामान्य डोळा जे २४ मीटरवरून वाचतो, ते वाचायला या डोळ्याला ६ मीटरपर्यंत यावं लागतं. योग्य नंबरचा चष्मा लावूनही दोन डोळ्यांत तक्त्याच्या दोन किंवा जास्त ओळींचा फरक राहत असेल आणि डोळ्यात त्याचं दुसरं कारण सापडत नसेल, तर डॉक्टर आळशी डोळ्याचं निदान करतात.

जगभरातल्या वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये याचं प्रमाण साधारण १ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान निघतं. म्हणजे शंभर पोरांच्या शाळेत किमान एखादं तरी. लहान मुलांच्या एका डोळ्याची नजर कमी असण्याचं हे सर्वात नेहमीचं कारण आहे.

खरं तर ‘आळशी’ हे नावच जरा अन्यायकारक आहे. डोळा काम करत असतो. त्याचं काम कुणी बघत नसतं, एवढंच.

दोन डोळे, चित्र मात्र एक

हे समजायला एक साधा प्रयोग करा. हात लांब करून अंगठा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. अंगठा घड्याळासमोरून इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. दोन्ही डोळ्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळ्या कोनातून दिसतं.

म्हणजे मेंदूकडे प्रत्येक क्षणी दोन फोटो येतात, आणि ते एकसारखे नसतात. तरीही आपल्याला दोन घड्याळं, दोन अंगठे, दोन बायका-मुलं दिसत नाहीत. एकच दिसतं.

दोन्ही डोळ्यांतून निघालेल्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात. तिथे प्रत्येक डोळ्याचे साधारण निम्मे तंतू दुसऱ्या बाजूला ओलांडून जातात. त्यामुळे आपल्या डाव्या बाजूचं सगळं दृश्य, मग ते कुठल्याही डोळ्याने पाहिलेलं असो, मेंदूच्या उजव्या भागात पोचतं. उजवीकडचं डाव्या भागात. पुढे डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे आपण उशी टेकवतो तिथे, दृष्टीचा मुख्य भाग असतो. तिथल्या कित्येक पेशी दोन्ही डोळ्यांकडून माहिती घेतात आणि दोन फोटोंमधला बारीक फरक मोजतात. हा फरक ज्या वस्तूसाठी जेवढा, त्यावरून ती आपण बघतोय त्या बिंदूच्या किती पुढे किंवा मागे आहे हे मेंदू ठरवतो. यालाच खोलीची जाणीव म्हणतात.

इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये ही गोष्ट सिद्ध करून दाखवली. त्यांनी एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी सपाट चित्रं काढली आणि आरशांच्या मदतीने एकेका डोळ्याला एकेक दाखवली. बघणाऱ्याला चित्र सपाट दिसलंच नाही, वस्तू समोर उभी राहिल्यासारखी दिसली. थ्रीडी सिनेमाचा सगळा धंदा याच एका युक्तीवर चालतो. ‘छोटा चेतन’ असो किंवा २०१३ चा महेश कोठारेंचा ‘झपाटलेला २’, पडद्यावर दोन चित्रं असतात आणि चष्मा ती दोन डोळ्यांना वाटून देतो.

ज्याचा एक डोळा आळशी आहे त्याला हा चष्मा लावून फारसं काही घडत नाही. शेजारचा प्रेक्षक अंगावर आलेल्या वस्तूपासून डोकं चुकवतो आणि हा विचार करत बसतो की एवढं ओरडायला काय झालं.

मेंदू एका डोळ्याचं पाणी का तोडतो?

दोन चित्रं जुळवण्याची ही कला जन्मतः तयार नसते. बाळ साधारण तीन ते पाच महिन्यांचं झालं की खोलीची जाणीव येऊ लागते. त्यानंतर पुढची काही वर्षं मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होत राहतात. यासाठी अट एकच: दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट आणि एकाच जागेचं चित्र यायला हवं.

ही अट तीन प्रकारे मोडते.

पहिला प्रकार तिरळेपणाचा. एक डोळा समोर बघतो, दुसरा नाकाकडे किंवा बाहेर वळलेला. दोघांकडून वेगवेगळ्या जागांची चित्रं येतात. मोठ्या माणसाला असं अचानक झालं तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि तो चक्रावतो. लहान मुलाचा मेंदू मात्र लवचीक असतो. तो सरळ एका डोळ्याचं चित्र बाद करायला शिकतो. गोंधळ मिटतो, पण त्या डोळ्याची वाढ तिथेच थांबते.

दुसरा प्रकार नंबरातल्या फरकाचा, आणि हाच सगळ्यात फसवा. एका डोळ्याला नंबर नाही, दुसऱ्याला मात्र प्लस तीन किंवा चार. दोन्ही डोळे दिसायला सरळ, सुंदर, चारचौघांसारखे. पण एकाकडून स्वच्छ चित्र येतं आणि दुसऱ्याकडून कायम धूसर. मूल तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं. शिवाय त्याला दुसरं काही माहीतच नसतं. भरतीत वीस वर्षांनी सापडणारी प्रकरणं बरेचदा याच गटातली असतात.

तिसरा प्रकार सर्वात गंभीर. जन्मजात मोतीबिंदू, किंवा बाहुलीवर उतरलेली पापणी. इथे प्रकाशच नीट आत जात नाही. एका डोळ्याचा जन्मजात मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते, साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत. ‘बाळ जरा मोठं होऊ दे, मग बघू’ असं म्हणण्याएवढा वेळ इथे नसतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. तिरळेपणा आणि आळशी डोळा एकच नाहीत. तिरळा डोळा दिसतो, आळशी डोळा दिसत नाही. तिरळ्या मुलाला दोन्ही डोळे आलटून पालटून वापरता येत असतील तर दोन्हींची नजर चांगली राहू शकते. आणि एकदम सरळ डोळ्यांच्या मुलाचा एक डोळा पक्का आळशी असू शकतो.

मेंदू असा का वागतो, याचं उत्तर डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या जोडीने शोधलं. १९६० च्या दशकात हार्वर्डमध्ये त्यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पिल्लाचा एक डोळा शिवून बंद ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा चांगला होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. त्या पेशी उघड्या डोळ्याने बळकावल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर मात्र असं काही झालं नाही.

त्यांचं पुढचं निरीक्षण जास्त महत्त्वाचं. दोन्ही डोळे एकाच वेळी बंद ठेवले तर नुकसान दुप्पट व्हायला हवं होतं, पण तसं झालं नाही. कित्येक पेशी प्रतिसाद देत राहिल्या. म्हणजे खरा घोळ डोळा न वापरल्याचा नव्हता, दोन डोळ्यांमधल्या स्पर्धेचा होता. या संशोधनासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

ताकारी-म्हैसाळच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला ही स्पर्धा वेगळी समजावून सांगायला नको. एकाच पाटावर दोन रानं आहेत. वरच्याने दार उघडं ठेवून सगळं पाणी ओढलं, तर टेलच्या रानाला थेंब पोचत नाही. टेलची जमीन नापीक नसते. तिला पाणी मिळालेलं नसतं. आणि पाणी द्यायचं असेल तर वरच्याचं दार काही तास बंद करावं लागतं. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याचा उपचार नेमका हाच आहे.

मग त्या डोळ्याने दिसतं तरी कसं?

लोकांना वाटतं की धूसर दिसत असेल, चष्मा नसल्यासारखं. प्रकार त्याहून विचित्र आहे.

आळशी डोळ्याला एकटं अक्षर दाखवलं तर बरेचदा वाचता येतं. तेच अक्षर, तेवढ्याच आकाराचं, ओळीत इतर अक्षरांच्या मध्ये ठेवलं की वाचता येत नाही. अक्षरं एकमेकांत घुसतात, गर्दी होते. एसटीची पाटी दिसते, पण त्यावर ‘कोरेगाव’ आहे की ‘कराड’ हे सुटं करता येत नाही. काहींना सरळ रेघा वाकड्या किंवा थरथरत्या वाटतात. फिकट रंगावरचा फिकट रंग ओळखायला त्रास होतो. ही सगळी मेंदूतल्या प्रक्रियेतली गडबड आहे, म्हणूनच चष्म्याचं भिंग बदलून ती जात नाही. याच कारणाने लेझर करून नंबर घालवला तरी आळशी डोळा ६/६ होत नाही. भरतीच्या आशेने लेझरवर पैसे घालवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

दोन्ही डोळे उघडे असताना अडचण वेगळी असते. अक्षरं स्वच्छ दिसतात, कारण चांगला डोळा काम करतो. हरवलेली असते ती खोलीची बारीक जाणीव. सुईत दोरा ओवणं, पेनाला टोपण घालणं, चहा कपात ओतताना बशीत न सांडणं, जिन्याची शेवटची पायरी, शटलकॉकचा अंदाज. सगळी कामं जमतात, पण सावकाश आणि एखाददुसऱ्या चुकीसह. तपासण्यांमध्ये अशा मुलांचा वाचनाचा वेग आणि हातांची बारीक कामं सोबतच्या मुलांपेक्षा थोडी मागे पडलेली दिसली आहेत. घरी अशा मुलाला काय म्हणतात? धांदरट. वेंधळा. लक्ष नसतं याचं.

आता कुणी म्हणेल, एका डोळ्याने माणूस काहीच करू शकत नाही का? तर तसं अजिबात नाही. खोली ओळखायला मेंदूकडे इतरही खुणा असतात. लांबची गोष्ट लहान दिसते. पुढची वस्तू मागचीला झाकते. सावली पडते. गाडीतून बघताना जवळचे खांब झरकन मागे जातात आणि अजिंक्यतारा मात्र बराच वेळ सोबत चालतो. या खुणांना एकच डोळा पुरतो.

मन्सूर अली खान पतौडी यांचं उदाहरण यासाठी कायम दिलं जातं. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते भारताकडून पहिली कसोटी खेळले आणि मार्च १९६२ मध्ये, २१ व्या वर्षी, कप्तान झाले. त्यांच्या सर्वच्या सर्व ४६ कसोटी आणि सहाही शतकं अपघातानंतरची आहेत. फक्त एक फरक ध्यानात ठेवायला हवा. पतौडींचा मेंदू वीस वर्षं दोन डोळ्यांवर वाढला होता आणि नंतर एक डोळा गेला. आळशी डोळ्याच्या मुलाला दोन डोळ्यांचं जग कधी मिळालेलंच नसतं, त्यामुळे काय कमी आहे हे त्याला सांगताही येत नाही.

सापडत का नाही?

कारण मूल दोन्ही डोळे उघडे ठेवून जगतं. फळ्यावरचं दिसतं, मोबाईल दिसतो, चिंचेच्या झाडावरची चिंच दिसते. शाळेत तपासणी झाली तरी ‘एक डोळा झाक’ म्हटल्यावर पोरं बोटांच्या फटीतून खुशाल बघतात. तपासणाऱ्याने घाईत असताना ते पाहिलं नाही की नाव ‘नॉर्मल’च्या यादीत. म्हणून डोळा बोटांनी झाकायचा नसतो, तळव्याने झाकायचा असतो. लहान मुलाचा तर मोठ्या माणसाने झाकलेला बरा.

सरकारी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरमधून झाली. यात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासायचं असतं, त्यात डोळेही येतात. काही सापडलं तर मूल पुढच्या रुग्णालयात पाठवलं जातं. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मेही मिळतात.

पण ही तपासणी जागेवर असलेल्या मुलांची होते. दिवाळीच्या आगेमागे सातारा-सांगलीच्या कारखान्यांच्या फडांवर बीडकडून आणि इतर दुष्काळी भागातून ऊसतोड कुटुंबं येतात. इकडच्याच जत, आटपाडी आणि माण-खटावमधूनही लोक कामासाठी घर सोडतात. पथक गावातल्या अंगणवाडीत जातं तेव्हा मूल कोपीवर असतं. समजा तपासणीत सापडलं, पट्टी लावायला सांगितली, तरी दर काही आठवड्यांनी पुन्हा दाखवायला कुठे जायचं? गावच्या डॉक्टरकडे जाता येत नाही आणि फडाजवळचा डॉक्टर माहीत नसतो. मेंदूची शिकण्याची वर्षं मात्र हंगाम संपायची वाट बघत नाहीत.

आणि मग आपले समज. थोडा तिरळा डोळा भाग्याचा. मोठा झाला की आपोआप सरळ होईल. मुलीला लहानपणी चष्मा लावला तर लग्नाला अडचण. या तिन्ही वाक्यांनी किती मुलांची वर्षं खाल्ली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

घरच्या घरी एक गोष्ट मात्र कुणालाही करता येते. मूल आवडीचं काही बघत असताना हळूच त्याचा एक डोळा तळव्याने झाका. मग दुसरा. एका डोळ्याला झाकल्यावर शांत बसलं आणि दुसऱ्याला झाकल्यावर हात झटकायला लागलं, मान वळवायला लागलं, रडायला लागलं, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. तो झाकलेला डोळा बहुधा त्याचा चांगला डोळा होता. ही खात्रीची तपासणी नव्हे, नुसता इशारा आहे. काही जाणवलं नाही तरी शाळेत घालण्याआधी, म्हणजे तीन-चार वर्षांचं असताना, एकदा डोळे तपासून घ्यावेत. त्या वयात अक्षरं वाचता येत नसली तरी चित्रांचे तक्ते असतात. आणि फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल ऐवजी पांढरी दिसत असेल तर थांबू नका. मोतीबिंदूपासून डोळ्याच्या कर्करोगापर्यंत काहीही असू शकतं.

दाखवायचं कुठे, हा या भागात मोठा प्रश्न नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं सिव्हिल, कराडचं कृष्णा हॉस्पिटल, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, या सगळ्या ठिकाणी नेत्रविभाग आहे.

उपचार: महागडं काही नाही, चिकाटी मात्र हवी

पहिला उपचार चष्मा. अनेक मुलांत नुसता योग्य नंबरचा चष्मा तीन-चार महिने नियमित लावल्याने आळशी डोळ्याची नजर बरीच सुधारते. काहींना पुढे दुसरं काही लागतही नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर पट्टी. चांगल्या डोळ्यावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे मेंदूला आळशी डोळ्याचं ऐकावंच लागतं. पूर्वी दिवसभर पट्टी बांधायचे. अमेरिकेतल्या एका मोठ्या संशोधक गटाने २००३ मध्ये दाखवून दिलं की मध्यम दोषासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकाच परिणाम देते. दोष जास्त असेल तर सहा तास. पट्टी त्वचेवर चिकटवायची. चष्म्याच्या काचेवर लावली की पोरगं कडेने बघतं आणि सगळी मेहनत वाया.

तिसरा पर्याय थेंबांचा. चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब टाकले की त्याला जवळचं धूसर दिसतं आणि जवळच्या कामासाठी आळशी डोळा वापरावा लागतो. पट्टी फेकून देणाऱ्या मुलांसाठी हा बरा मार्ग. हे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय टाकायचे नाहीत, आणि बाटली लहान मुलाच्या हाताला लागू द्यायची नाही.

तिरळेपणाची शस्त्रक्रिया डोळा सरळ करते, नजर वाढवत नाही. ‘ऑपरेशन झालं, आता पट्टी कशाला’ असं म्हणून अनेक घरांत उपचार तिथेच थांबतो.

खरी लढाई औषधाची नाही, रोजच्या पट्टीची आहे. परदेशात पट्टीला छोटं यंत्र जोडून मोजलं तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या साधारण निम्माच वेळ मुलांनी पट्टी लावल्याचं आढळलं. आपल्याकडे वर्गात ‘काण्या’ म्हणून चिडवणारी मित्रमंडळीही असतात. म्हणून दोन तासांचीच पट्टी असेल तर ती घरी, गृहपाठ करताना किंवा चित्रं रंगवताना लावलेली सोपी जाते. बरं वाटल्यावर अचानक बंदही करायची नाही. उपचार थांबवल्यावर वर्षभरात साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते.

सात वर्षांनंतर दार बंद होतं का?

अनेक वर्षं असंच सांगितलं जायचं. सात-आठ वर्षांपर्यंत काय ते करा, नंतर उपयोग नाही. हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. त्याच अमेरिकन गटाच्या २००५ च्या अभ्यासात सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चष्मा, पट्टी आणि थेंबांचा उपयोग झाला. तेरा ते सतरा वयोगटात परिणाम खूपच कमी होता, पण ज्यांनी आधी कधीच उपचार घेतले नव्हते त्यांच्यात पट्टीने जवळपास निम्म्यांना फायदा झाला. म्हणजे लवकर सापडलेलं कधीही उत्तम, पण दहावीतल्या मुलाला ‘आता काही होत नाही’ म्हणून परत पाठवणं चूक आहे.

मोठ्यांचं काय? अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञ सुसान बॅरी लहानपणापासून तिरळ्या होत्या. तीन शस्त्रक्रियांनी डोळे बऱ्यापैकी सरळ झाले, तरी खोली कधी दिसली नव्हती. ४८ व्या वर्षी डोळे एकत्र वापरण्याचं प्रशिक्षण घेतल्यावर एके दिवशी त्यांना गाडीचं स्टिअरिंग डॅशबोर्डपासून सुटून पुढे आल्यासारखं दिसलं. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ मध्ये त्यांच्यावर लिहिलेला लेख जगभर गाजला. भारतात प्रा. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने जन्मापासून मोतीबिंदूने न दिसणाऱ्या मोठ्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांचा अभ्यास केला. पट्टी काढल्यावर या मुलांना हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखता येत नव्हती. काही दिवसांत येऊ लागली. नजर पूर्ण सामान्य झाली नाही, पण मेंदू शिकायचा थांबलेला नव्हता.

याच आधारावर नवे उपचार येत आहेत. चांगल्या डोळ्याला फिकट आणि आळशी डोळ्याला ठळक चित्र दाखवायचं, म्हणजे दोघांना मिळून काम करावं लागतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०१३ मध्ये १८ प्रौढांना अशा पद्धतीने टेट्रिस खेळायला लावलं, तेव्हा एक डोळा झाकून खेळणाऱ्यांपेक्षा दोन्ही डोळ्यांनी खेळणाऱ्यांत जास्त सुधारणा दिसली. २०२१ मध्ये अमेरिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी हेडसेटवर कार्टून बघण्याच्या एका उपचाराला मान्यता दिली. मात्र मुलांवरच्या मोठ्या चाचणीत अशाच प्रकारचा टॅबलेटवरचा गेम पट्टीपेक्षा सरस ठरला नाही. दोन तासांची साधी पट्टी अजून मागे पडलेली नाही.

रील्सवर ‘सात दिवसांत आळशी डोळा बरा’ म्हणत बोट फिरवायला लावणारे आणि डोळ्यात मध-तूप घालायला सांगणारे व्हिडिओ मात्र वेगळे. त्यात डॉक्टरांनी मोजून दिलेला नंबर नसतो, आणि नंबराशिवाय यातला कुठलाच उपचार सुरू होत नाही.

ज्यांचं वय उलटून गेलंय आणि एकाच डोळ्यावर सगळं चाललंय, त्यांच्यासाठी डॉक्टर एक गोष्ट आवर्जून सांगतात: चांगला डोळा जपा. उसाच्या रानात ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. पाचट काढताना उसाचं पातं डोळ्याला लागतं, बुबुळाला ओरखडा जातो आणि त्यातून बुरशीचा संसर्ग होऊन बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहू शकतो. दोन्ही डोळे चांगले असलेला माणूस अशा वेळी एकावर निभावतो. आळशी डोळ्याच्या माणसाकडे निभावायला दुसरा डोळा नसतो. त्यामुळे नंबर असो वा नसो, रानात, वेल्डिंगच्या दुकानात आणि मोटारसायकलवर न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा वापरायचा. काही गेलंच डोळ्यात, तर चोळायचं नाही, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणायचे नाहीत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवताना ‘माझा दुसरा डोळा आळशी आहे’ हे आधी सांगायचं.